बॉयलरच्या पंख्याची थरथर

२ डिसेंबर

आज आमचं यंत्र दौंडच्या साखर कारखान्यात पंख्यावर चढलं. दोन वर्षं कारेगावच्या शेडमध्ये टेबलावरच फिरवत होतो. पंखा म्हणजे घरातला नव्हे. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत ढकलणारा, माणसाहून उंच, मिनिटाला हजार फेरे घेणारा. बगॅसची, म्हणजे जळलेल्या उसाच्या चिपाडाची, राख त्याच्या पात्यांवर बसते आणि सगळीकडं सारखी बसत नाही. एक बाजू जड झाली की पंखा थरथरायला लागतो. मग दर आठ-दहा दिवसांनी बॉयलर थंड करा, पाती खरवडा, वजनं लावून तोल साधा. तोवर गाळप बंद आणि गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग.

आमचं यंत्र पंखा चालू असतानाच तोल साधतं. शाफ्टवर एक कडं आहे, त्यात दोन वजनं. सेन्सर थरथर मोजतो, कंट्रोलर ठरवतो, वजनं जराशी सरकतात. कारखान्याचे जुने फोरमन साहेबराव सगळा वेळ हाताची घडी घालून बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी ह्यो डबा पंख्याला गप बस म्हणून सांगनार?"

"सांगणार नाही मामा. तो जिकडं झुकेल त्याच्या उलट बाजूला वजन नेणार."

"मंग बरंय. सांगून कोन ऐकतंय आजकाल."

नागसेनला फोन लावला. उचलला नाही. पाच मिनिटांत मेसेज आला, "ड्यूटीवर आहे. फोटो पाठव. मला माहीत होतं तू करणार." नवरा ओमानला जाऊन चौदा महिने झाले. कराराचे दहा राहिले. एवढं छान लिहिलं त्यानं, आणि मला मात्र त्याच्या तोंडून एक 'शाब्बास' हवं होतं.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो, मी आणि सासूबाई. नागसेनची व्हिडिओ कॉलवर वंदना व्हावी म्हणून मी फोन हातात धरून उभी राहिले. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणायला लागला. पण आमच्याबरोबर नाही. आमचं 'बुद्धं सरणं' चालू होतं तेव्हा तो 'संघं'वर पोचला होता. थांबला नाही, मागं वळला नाही, आपल्याच चालीत संपवून डोळे उघडले तर आमचं अजून चालूच. बावरला. नेट मागंपुढं होतं, दुसरं काय.

पूर्वी विहारात सगळ्यांना एका सुरात धरून ठेवायचं काम त्याचं असायचं.

११ डिसेंबर

पंखा छान चाललाय. आज बेअरिंगचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून नागसेनला पाठवला. "सांग बघू, कुठलं बेअरिंग आणि किती जुनं?"

हा आमचा जुना खेळ. रांजणगावच्या कंपनीत मी ट्रेनी होते आणि तो फिटर. लोखंडी सळईचं एक टोक मशीनला, दुसरं कानाला. दहा सेकंद ऐकायचा आणि म्हणायचा, "आतली कडी गेलीय. तीन आठवडे चालंल." मी हसून मीटर लावायचे. मीटरवर आतली कडीच दिसायची. तिसऱ्या खेपेला मी मीटर काढलाच नाही. मैत्रिणींना अजून सांगते, मी त्याच्या कानाशी लग्न केलं, बाकीचा माणूस वर मिळाला.

संध्याकाळी उत्तर आलं, "स्पेक्ट्रमचा आलेख पाठव."

आलेख! माझ्या आलेखांना 'रांगोळी' म्हणून चिडवणारा माणूस. मी पाठवला नाही. रागानं नाही, पण पाठवला नाही.

१९ डिसेंबर

थरथर सेकंदाला २.१ मिलिमीटर. सातला धोक्याचा दिवा लागतो आणि अकराला पंखा आपोआप बंद पडतो, म्हणजे आम्ही फार सुखात आहोत. सतरा दिवस पंखा थांबलेला नाही. आमचे मालक सत्यजीत सर पेढे घेऊन आले.

पेढा खाताना नागसेनची फार आठवण आली. त्याचा एक जुना व्हॉइस मेसेज आहे माझ्याकडं, चाळीस सेकंदांचा. बाजारातून केलेला. "माया, वांगी काटेरी घेऊ का बिनकाट्याची? आई म्हणती काटेरी. तू काय म्हणतीस? बरं, दोन्ही घेतो." बस, एवढंच. दौंडला जाताना गाडीत ऐकते. दोनदा ऐकते.

तो आता व्हॉइस मेसेज पाठवत नाही. मी पाठवलेले ऐकतो की नाही कोण जाणे. त्यांना उत्तर देतो ते दोन शब्दांत, आणि लिहिलेल्याला मात्र पानभर.

२७ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी सव्वादोनला पात्यावरचा राखेचा एक पोपडा निखळला. थरथर एकदम सहावर. ठीक, यंत्र त्याच्यासाठीच आहे. त्यानं वजनं सरकवली. थरथर सात. परत सरकवली. साडेआठ. बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी दाबलं नाही. ऑक्टोबरमध्ये याच पंख्यावर सुटी वजनं लावून चाचणी घेतली तेव्हा इतकं वजन सरकवलं की पंखा इतका शांत होतो, हे मी स्वतः मोजून त्याच्यात भरलं होतं. मला वाटत राहिलं, पुढच्या सरकवण्याला ऐकेल. दहा. साहेबराव ओरडले, "मॅडम, हात काढा त्याच्यातनं!" अकरा. पंखा बंद.

मग बॉयलर, मग टर्बाइन, मग गाळप. एकेक आवाज थांबत गेला. कारखाना एवढा गप्प मी कधी ऐकला नव्हता. परत सुरू व्हायला नऊ तास लागले. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. बटण मी दाबलं नाही, चूक माझी, हे सगळ्यांसमोर सांगितलं.

चीफ इंजिनिअर साहेब ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, "पंखा आपणहून आठ दिवसांनी बंद पडायचा. तुमच्या यंत्रानं आठ मिनिटांत पाडला."

२८ डिसेंबर

यंत्र बंद ठेवलंय. पंधरा जानेवारीपर्यंत कारण सांगा, नाहीतर उतरवून न्या, असं पत्र आलं. सत्यजीत सर म्हणाले, "माया, हे उतरलं तर दुसरीकडं कोण बसवू देणार?" आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन नागसेनला फोन केला. आज उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं, सांगता सांगता रडले. माझं संपल्यावर तो म्हणाला, "हां, इकडं पण थंडी आहे. आईला स्वेटर काढून दे."

मी फोन ठेवला.

माणूस इतका लांब जातो? अंतरानं नव्हे म्हणत मी.

३० डिसेंबर

काल त्याचे सहा मेसेज आले. "काय झालं? रागावलीस का? लिहून पाठव." मी तुटकपणे लिहिलं की पंखा बंद पडला, आणि सगळे आलेख पाठवून दिले. घे, आलेखच पाहिजेत ना.

आज सकाळी हे आलं. तसंच उतरवून ठेवते.

"माया, मी काल पाच तास हेच बघत होतो. फेजचा आलेख बघ. पंखा सुरू झाल्यापासून पहिले तीन तास फेज हळूहळू वळत गेलीय, एकशे दहा अंशांनी, आणि मग स्थिर झालीय. तू ऑक्टोबरमध्ये बॉयलर बंद असताना पंखा थंड फिरवून मोजलंस. गरम झाल्यावर बेअरिंगच्या खालच्या पायाची पकड बदलते. मग तेच वजन त्याच बाजूला सरकवलं तर थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढते. सत्तावीसपर्यंत राख सारखी बसत गेली, यंत्राला वजन हलवायची वेळच आली नाही, म्हणून ते दिसलं नाही. यंत्र चुकलं नाही. थंड पंख्यानं दिलेलं उत्तर तू गरम पंख्याकडून मागत होतीस."

मी आलेख उघडला. खरंच, डोळ्यांसमोर होतं. फेज म्हणजे फेऱ्यात नेमक्या कुठल्या क्षणी धक्का बसतो ते. मी थरथर किती एवढंच बघत राहिले, कुठून ते बघितलंच नाही.

आनंद झाला आणि कुठंतरी टोचलंही. कानावर जगणारा माणूस आलेखात पाच तास बसतो. तिकडं नवीन काहीतरी शिकलेला दिसतोय. मला सांगत नाही.

४ जानेवारी

चीफ साहेबांसमोर दोन तास. मी मांडलं ते असं: यंत्रानं ऑक्टोबरच्या आकड्यावर विसंबायचं नाही. दर खेपेला आधी वजन अगदी थोडं हलवायचं, पंखा काय उत्तर देतो ते बघायचं, त्यावरून शिकायचं आणि मगच मोठं पाऊल टाकायचं. उत्तर उलटं आलं तर तिथंच थांबायचं. आणि जुन्या नोंदी हळूहळू विसरत जायच्या.

"म्हणजे चांगल्या चाललेल्या पंख्याला तुम्ही मुद्दाम हलवणार?"

"हो साहेब, थोडंसं. हलवल्याशिवाय तो आज कसा आहे ते कळत नाही."

ते नकाराची मान हलवायला लागले, तेवढ्यात मागून साहेबराव बोलले, "साहेब, बैल रोजचाच आसला तरी जुपायच्या आदी आपन कासरा हलवून बघतोच की. आज त्याचा मूड काय हाय म्हनून."

साहेबरावांनी माझी बाजू घ्यावी असं मी काहीच केलेलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले, "चूक तुमची व्हती ते तुम्ही पयल्या दिवशीच कबूल केलं. हितं तसं कोन करतंय?"

सत्यजीत सरांशी मात्र वाद झाला. ते म्हणतात चाळीस मिनिटांत जुनं विसरू दे. मी दोन दिवस ठेवलं होतं. मला विसरणं जिवावर येतं. त्यांनी आकडे दाखवले. दोन दिवस ठेवलं तर पोपडा पडल्यावर यंत्र अर्धा दिवस कालचाच पंखा शोधत बसतं. शेवटी चाळीस मिनिटं ठरली.

९ जानेवारी

झालं!

सकाळी अकराला थरथर ६.४. यंत्रानं वजन केसभर हलवलं, थरथर ६.६. चीफ साहेबांचं बोट लाल बटणावर. यंत्र थांबलं, दुसऱ्या बाजूला केसभर, ६.१. मग पाऊल मोठं झालं. ४. २.९. १.८. मी आकडे मोठ्यानं वाचत होते आणि आपण वाचतोय हे मला कळत नव्हतं.

साहेबरावांनी बेअरिंगच्या घरावर पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला. "निजला गडी," म्हणाले.

नागसेनला लिहिलं. त्यानं टाळ्यांची चित्रं पाठवली, रांगभर. मी लिहिलं, "फोन कर ना. आज तरी." तो म्हणाला, "इथं आवाज फार आहे."

२२ जानेवारी

सासूबाई व्हिडिओवर नागसेनशी हल्ली हातवारेच करतात. जेवलास का म्हणजे घास तोंडाशी. झोप येते का म्हणजे गालाखाली हात. मला हसू आलं. "आत्या, बोला की तोंडानं."

"बोलून काय व्हतंय," म्हणाल्या. फोन ठेवल्यावर चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "डोळ्याकडं बघत न्हाई, तोंडाकडं बघतोय. तुजा सासरा खडी मशिनीवर व्हता, त्यो बी शेवटी आसाच बघायचा."

बापलेक सारखे असतातच. मलाही तो हल्ली तसाच बघतो, ओठांकडं टक लावून. एवढ्या लांबून ओठांकडं बघायचं आणि बोलायचं मात्र नाही.

११ फेब्रुवारी

आज लिहून टाकते, मनात ठेवून सडवण्यापेक्षा. मला वाटतं तिथं त्याचं कुणीतरी आहे.

फोन टाळतो. उचलला तर स्वतःच भराभरा बोलतो, मी विचारलेल्याला उत्तर नाही. परवा मी म्हटलं, "माझी आठवण येते का?" तर म्हणाला, "हो हो, जेवलो." कुणी जवळ बसलेलं असेल तर माणूस असं बोलतो.

आणि तरी त्याचे मेसेज! कालचा असा होता, "सकाळी समुद्रावर गेलो. घोड नदीच्या पुलावर तू चप्पल हातात घेऊन चालली होतीस ते आठवलं." असं लिहिणारा माणूस दुसरीकडं कसा असेल?

दुपारी कारखान्यात यंत्रासमोर बसून त्याला सरळ विचारलं. "तिथं कुणी आहे का? खरं सांग, मी ओरडणार नाही."

वीस मिनिटं नुसतं 'लिहीत आहे' दिसत राहिलं. मग एवढंच आलं, "कुणी नाही. शपथ. मी येतोय. करार मोडून. सात मार्चला दौंड स्टेशन."

यायचं कारण विचारलं तर "भेटल्यावर."

७ मार्च

मुंबईहून येणारी गाडी पाऊण तास उशिरा आली. मी फलाटाच्या मधोमध उभी होते, तो पुढच्या डब्यातून उतरला. बारीक झालाय. पाठमोरा होता, बॅग ओढत निघाला. मी हाक मारली. परत मारली. हमाल वळला, चहावाला वळला, एक बाई वळली. तो चालतच राहिला.

धावत जाऊन बाही धरली. असा दचकला की बॅग पडली. मग माझ्याकडं बघितलं, ओठांकडं, आणि म्हणाला, "कधीची आलीस?" इतक्या मोठ्यानं की आजूबाजूचे लोक थांबले.

"हळू बोल," मी म्हटलं.

"काय?"

एका क्षणात मला सगळं कळलं. वंदना, थंडी, स्वेटर, आलेख, सगळं. मी पडलेली बॅग आडवी केली. आम्ही त्याच्या बॅगेवर बसलो.

"सप्टेंबरमध्ये," तो म्हणाला. "कॉम्प्रेसरची हवेची लाईन माझ्या शेजारीच फुटली. डावा कान गेला. उजव्यात आवाज येतो पण शब्द येत नाहीत, नुसती घरघर. त्यांनी स्टोअरमध्ये बसवलं, पेट्या मोजायला."

"सांगितलं का नाहीस?"

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "परत म्हण."

मी परत म्हटलं, सावकाश, तोंड उघडून. तो खाली बघत राहिला. "फिटरला कान नसेल तर त्याला कोण विचारतं? आणि तू सगळ्यांना सांगतीस की कानाशी लग्न केलं."

मी काही बोलले असते तरी त्यानं मान वर करायला हवी होती.

९ मार्च

दोन दिवस मी रागात आहे. त्याच्यावर, कंपनीवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. आज सासूबाईंवर निघाला. "तुम्हाला माहीत होतं!"

"मला दिवाळीतच कळलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत. "त्यानं तुला सांगायचं व्हतं. मी मधी पडून त्याचं तोंड बी घ्यायचं का, कान तर गेलाच?"

१४ मार्च

पुण्याला कान तपासले. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या. उजव्या कानाला मशीन लावू, तीन आठवड्यांनी मिळेल, थोडे शब्द येतील, सगळे येणार नाहीत, आणि शिकायला वेळ लागेल. नागसेननं त्यांच्याकडून आलेख मागून घेतला आणि येताना गाडीत बघत बसला. मला दाखवून म्हणाला, "इथंपर्यंत ठीक आहे. इथून पुढं दरी." दुसऱ्याच कुणाच्या बेअरिंगबद्दल बोलावं तसं.

चीफ साहेबांचा फोन आला. पंखा चौसष्ट दिवस थांबला नाही. पुढच्या हंगामात आणखी दोन पंख्यांना बसवणार. नागसेनला लिहून दाखवलं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

खरं लिहायचं तर आज दुपारी तो पुढच्या खोलीत होता आणि मी स्वयंपाकघरात ते वांग्यांचं रेकॉर्डिंग ऐकत होते. माणूस घरी आलाय आणि मला त्याची आठवण येतेय. हाकेला 'ओ' देणाऱ्या त्याची. हे कुणाला सांगू?

१७ मार्च

कारखान्याचा पट्टा दोन दिवसांत पडणार, म्हणजे यंदाचं गाळप संपणार. नागसेन म्हणाला, त्याआधी मला तो पंखा बघायचाय. त्याची मोटरसायकल काढली. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः मागं बसला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

शिरूर सुटलं आणि मी सवयीनं बोलायला लागले. पूर्वी मी मागं बसून त्याच्या कानाशी बडबडायचे, तो पुढून "हं, हं" करायचा. ऊस तुटून गेलेली रानं बघून म्हटलं, "यंदा लवकर मोकळं झालं नाही का?" आणि आठवलं. गप्प झाले.

थोड्या वेळानं वाटलं, ऐकत नाही तर नाही. बोलायचं तर आहे. मग मी बोलत सुटले. सत्तावीस डिसेंबर. मी फोन ठेवला तो दिवस. तिथं बाई असेल असं वाटलं ते, आणि त्याची लाज. मी रागावलेय हे, अजून किती दिवस रागावेन ते मला माहीत नाही हे. गाडीच्या आवाजावर ओरडून सगळं सांगितलं. न्हावरा आलं, गेलं.

मानेखाली, पाठीवर त्याचा पंजा टेकला. सपाट, सगळी बोटं पसरून. मला वाटलं गाडी थांबवायला सांगतोय. वेग कमी केला आणि गप्प झाले.

"थांबलीस का?" तो म्हणाला, मोठ्यानं. "बोलत होतीस ना?"

मी मान हलवली.

"काय ते कळत नाही. पण तू बोलतेयस ते हाताला कळतंय. बोल."

भीमेचा पूल आला तरी मी बोलतच होते.